मत्स्यसंवर्धन व्यवसाय आणि संशोधन-विकास करसवलत : ब्रिटनमधील व्यवस्थेचा परिचय

प्रस्तावना :

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तसेच शेटलंड व ऑर्कनी बेटांभोवती समुद्रातील पिंजऱ्यांमध्ये अटलांटिक सॅमनचे संवर्धन केले जाते. समुद्री उवा ही या व्यवसायापुढील सर्वांत चिवट समस्या होय. हा परजीवी माशाच्या त्वचेवर जगतो आणि कालांतराने औषधांना दाद देईनासा होतो. साहजिकच नवे उपाय शोधणे उद्योगाला भाग पडते. मात्र असे प्रयोग खर्चिक असतात, त्यांचे यश अनिश्चित असते आणि यशाचा लाभ स्पर्धकांनाही मिळतो. त्यामुळे खाजगी उद्योग समाजाला आवश्यक तेवढी गुंतवणूक संशोधनात करीत नाहीत, असे अर्थशास्त्र मानते. ही उणीव भरून काढण्यासाठी ब्रिटनने २००० मध्ये लहान व मध्यम कंपन्यांना आणि २००२ मध्ये मोठ्या कंपन्यांना संशोधन-विकास करसवलत लागू केली. मत्स्यसंवर्धनाच्या संदर्भात या सवलतीचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पात्रतेचे निकष :

ही सवलत केवळ कंपनी करास पात्र असलेल्या कंपन्यांना मिळते. एकल मालकीच्या व्यवसायांना ती मिळत नाही. येथे 'संशोधन' या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. प्रकल्पामुळे केवळ त्या कंपनीच्या नव्हे, तर विज्ञान वा तंत्रज्ञानाच्या त्या क्षेत्रातील एकूण ज्ञानात भर घालण्याचा प्रयत्न व्हावा लागतो. तसेच त्या विषयातील जाणकारालाही सहज सोडविता येणार नाही अशी अनिश्चितता त्यात असावी लागते. बाजारात उपलब्ध असलेले उवा काढण्याचे यंत्र विकत घेणे म्हणजे संशोधन नव्हे. परंतु उवा खाणारे लंपफिश किंवा रॅस हे मासे जोरदार प्रवाहाच्या पिंजऱ्यात कसे टिकवावेत, याचे उत्तर ज्ञात नसल्यास त्यासाठीचे पद्धतशीर प्रयोग पात्र ठरू शकतात. प्रयोग फसला तरी पात्रता जात नाही. बाजारपेठ सर्वेक्षण मात्र वगळले जाते. इतकेच नव्हे तर अर्थशास्त्रासह सर्व सामाजिक शास्त्रे या व्याख्येबाहेर आहेत.

सवलतीची आकारणी :

१ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या लेखाकालांसाठी एकत्रित योजना लागू झाली. तीनुसार पात्र खर्चाच्या २० टक्के जमा मिळते व ती करपात्र असते. समजा, एखाद्या नफ्यातील कंपनीचा पात्र खर्च १,००,००० पौंड आहे. तिला २०,००० पौंड जमा मिळेल. त्यावर २५ टक्के दराने ५,००० पौंड कर वजा जाता निव्वळ लाभ १५,००० पौंड होईल. तोट्यातील ज्या लहान व मध्यम कंपन्यांचा संशोधन खर्च एकूण खर्चाच्या किमान ३० टक्के आहे, त्यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्यांचा लाभ तेवढ्याच खर्चावर सुमारे २७,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

पात्र खर्चात संशोधकांचे वेतन, प्रयोगात वापरून संपणारे साहित्य, संगणक आज्ञावली इत्यादींचा समावेश होतो. संबंध नसलेल्या बाह्य संस्थेकडून करून घेतलेल्या संशोधनाचा साधारणतः ६५ टक्के खर्च धरला जातो. तथापि संशोधनातून निघालेले उत्पादन नेहमीच्या व्यवहारात विकले गेल्यास त्यात समाविष्ट झालेल्या साहित्याचा खर्च वगळावा लागतो. सॅमन संवर्धनात खाद्य हाच सर्वांत मोठा खर्च असल्याने प्रयोगातील मासे पुढे विकले जाणार असतील, तर खाद्यावरील दावा काळजीपूर्वक तपासावा लागतो.

अंमलबजावणीतील प्रश्न :

ब्रिटिश महसूल विभागाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये या सवलतीच्या एकूण खर्चापैकी १६.७ टक्के, म्हणजे सुमारे १.१३ अब्ज पौंड, चुका व फसवणुकीपोटी गेले. परिणामी ८ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक दाव्यासोबत प्रकल्पाची सविस्तर माहिती देणे बंधनकारक झाले. प्रथमच दावा करणाऱ्या कंपनीला लेखाकाल संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत पूर्वसूचनाही द्यावी लागते.

समारोप :

सार्वजनिक निधीच्या रक्षणासाठी ही कठोरता समर्थनीय आहे. परंतु मोठ्या कंपन्यांकडे करसल्लागार असतात, तर लहान मत्स्यबीज केंद्रात प्रयोग करणारा व मासे सांभाळणारा बहुधा एकच असतो. त्याने प्रयोगाची अनिश्चितता, निरीक्षणे व खर्च यांची वेळीच नोंद ठेवली नाही, तर खरे संशोधनही सवलतीला मुकते. म्हणून सवलतीचा दर वाढविण्याइतकेच, लहान उद्योगांना नोंदी ठेवण्याचे प्रशिक्षण देणेही महत्त्वाचे ठरते.