हिमनदी खाली उतरते कशी?

२४ जानेवारी १९६६ च्या सकाळी, मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना माँ ब्लाँच्या माथ्याजवळ आदळलं. डॉ. होमी भाभांसह विमानातले सर्व ११७ जण गेले. विमानाचे तुकडे, टपाल, सामान बर्फात गडप झालं. पुढे २०१२ मध्ये त्याच पर्वताच्या उतारावरच्या बोसाँ हिमनदीत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली, आणि २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदाची बातमी छापलेली वर्तमानपत्रं.

अशा बातम्या वाचून अनेकांचा समज होतो की वस्तू जिथे पडल्या तिथेच होत्या. बर्फ वितळला म्हणून उघड्या पडल्या. वितळण्यामुळे त्या दिसू लागल्या हे खरं, पण पडल्या होत्या कितीतरी वर. उंचावर दरवर्षी नवं हिम साचतं, जुनं दाबलं जाऊन त्याचा बर्फ होतो आणि त्यात अडकलेली वस्तू खोल जात जात उतार उतरते. खालच्या भागात साचण्यापेक्षा वितळणं जास्त, म्हणून तीच वस्तू पुन्हा वर येते. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या माँ ब्लाँ मोहिमेतले तीन वाटाडे हिमलोटाबरोबर एका भेगेत गाडले गेले. हिमनदीचा वेग मोजणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी अंदाज बांधला की साधारण ४० वर्षांनी ते खाली प्रकटतील. १८६१ पासून त्यांचे अवशेष बोसाँच्याच खालच्या टोकाशी मिळू लागले.

आता हा बर्फ सरकतो कसा? ‘अख्खी लादी उतारावरून घसरते’ हे उत्तर सगळ्यांत लोकप्रिय, आणि अर्धवट. घसरणं असतंच, पण त्याखेरीज बर्फ स्वतःच्या वजनाखाली आतल्या आत आकार बदलत असतो. पत्त्यांचा जोड तिरका ढकलला की वरचे पत्ते खालच्यांच्या पुढे जातात, तसे बर्फाचे वरचे थर खालच्या थरांना मागे टाकतात. काठाशी आणि तळाशी खडकाचा अडसर असल्यामुळे तिथला बर्फ रेंगाळतो. मध्यभागी, पृष्ठभागावर वेग सर्वाधिक.

गंमत म्हणजे इथे खुद्द तज्ज्ञांचाही गैरसमज होता. वरच्या भारानं तळचा बर्फ पिळून निघतो आणि जास्त वेगानं पुढे जातो, असं १९३० च्या दशकात काही जण मानत. मॅक्स पेरुट्झ यांनी त्याचा निकाल लावला. पुढे १९६२ मध्ये प्रथिनांच्या रचनेसाठी नोबेल मिळवणारे तेच हे पेरुट्झ. १९४८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊच्या परिसरात बर्फात एक लांब पोलादी नळी उभी रोवली आणि पुढच्या वर्षांत ती किती वाकली ते मोजलं. वरचं टोक पुढे गेलं होतं. इतक्या साध्या साधनानं मोठा वाद मिटल्याची उदाहरणं विज्ञानात फार नसतील. त्यानंतर केंब्रिजमध्ये जॉन ग्लेन यांनी प्रयोगशाळेत बर्फावर भार देऊन नियम शोधला: ताण दुप्पट केला की बर्फाचा आकार बदलण्याचा वेग साधारण आठपट होतो. म्हणून जाडी आणि उतार यांत थोडा फरक पडला तरी हिमनदीचा वेग खूप बदलतो.

शाळेत शिकवलं जाणारं ‘दाबामुळे तळ वितळतो, म्हणून हिमनदी घसरते’ हे वाक्यही जपून घ्यावं. एक किलोमीटर जाडीच्या बर्फाखालीसुद्धा वितळणबिंदू जेमतेम पाऊण अंशानं उतरतो. बर्फ आधीच वितळणबिंदूपाशी असेल तरच हा फरक जाणवतो. तळाला पाणी येतं ते जमिनीतली उष्णता, घर्षण आणि मुख्यतः उन्हाळ्यात भेगांतून खाली झिरपणारं वितळजल यांमुळे. अतिथंड हिमनद्या खडकाला गोठून चिकटलेल्या असतात. त्या घसरत नाहीत, फक्त आतल्या आत आकार बदलत पुढे जातात.

मग जास्त पाणी म्हणजे जास्त वेग का? तेही सरळ नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्याला वाट नसते, तळाशी दाब वाढतो, बर्फ थोडा उचलला जातो आणि वेग वाढतो. पुढे तेच पाणी बर्फात बोगदे कोरतं, निचरा सुधारतो, दाब उतरतो आणि हिमनदी पुन्हा मंदावते.

सर्वांत चिवट गैरसमज ‘मागे हटण्या’चा. गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचं टोक, मागे सरकलं याचा अर्थ तिचा बर्फ डोंगर चढून मागे गेला, असं नव्हे. बर्फ उताराकडेच येत असतो. टोकाशी तो जितका पोचतो त्यापेक्षा जास्त वितळतो, म्हणून टोक वर सरकतं. उलट, टोक जागेवर आहे म्हणून हिमनदी ठणठणीत, असंही मानू नये. हिमालयात अनेक हिमनद्यांचा खालचा भाग दगडमातीच्या जाड थराखाली असतो. त्या थरामुळे टोक फारसं हलत नाही, पण बर्फ जागच्या जागी पातळ होत राहतो. आणि पातळ बर्फावर ताण कमी पडतो, म्हणजे ग्लेन यांच्या नियमानं वेग झपाट्यानं घटतो. उपग्रहांच्या चित्रांवरून २००० नंतरचे वेग तपासले, तेव्हा आशियातल्या उंच पर्वतरांगांपैकी बहुतेक ठिकाणी हिमनद्या मंदावलेल्या आढळल्या. काराकोरम आणि पश्चिम कुनलुन मात्र याला अपवाद निघाले.