राख, भेसळ आणि सिमेंट : टाकाऊ द्रव्यांच्या बांधकामातील वापराविषयी



शास्त्रीय विषयावरील विवेचन मराठीत कसे करावे, याचा विचार आपण या घटकात करीत आहोत. त्यासाठी घेतलेला विषय प्रयोगशाळेतला नाही, तुमच्या अंगणातला आहे. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना गवंड्याच्या तोंडचे एक वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल : ‘दादा, ह्या सिमेंटात राख असते. स्लॅबला दुसरं घ्या.’ या वाक्यात एक तक्रार आहे आणि तिच्यामागे न उच्चारलेला एक शब्द आहे, तो म्हणजे ‘भेसळ’. दुधात पाणी, तिखटात विटेची भुकटी, तशी सिमेंटात राख, असा हा समज आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आधी सिमेंट म्हणजे काय ते पाहावे लागेल.

चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले की कठीण गोळे तयार होतात. त्यांना ‘क्लिंकर’ म्हणतात. थोडा जिप्सम घालून ते दळले की साधे पोर्टलँड सिमेंट होते. लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ मध्ये या नावाचे पेटंट घेतले. घट्ट झालेला माल पोर्टलँड बेटावरील दगडासारखा दिसतो, म्हणून हे नाव. भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. एक टन क्लिंकर तयार होताना सुमारे ८०० ते ९०० किलो वायू हवेत जातो आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून खुद्द दगडातून निघालेला असतो. भट्टी कितीही सुधारली तरी हा भाग टळत नाही. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे क्लिंकर कमी वापरणे हाच मुख्य उपाय उरतो.

आता राखेकडे वळू. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, दीपनगर, एकलहरे या औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरातील लोकांना याचा अर्थ आकड्यांवाचून कळतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पिकाच्या पानांवर तो दिसतो. धुराबरोबर वर जाणारी बारीक राख विजेच्या साहाय्याने धूळ खेचणारी यंत्रे पकडतात. हीच ‘फ्लाय अ‍ॅश’. काही लेखक ‘उडती राख’ म्हणतात. लोक नुसते ‘राख’ म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही. जी राख उचलली जात नाही ती बहुतेक ठिकाणी पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडली जाते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या काळात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखबंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत व नाल्यांत शिरले. राखेचे काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ सिमेंट कारखान्यांचा नाही.

ही राख सिमेंटात नेमके काय करते? सिमेंटात पाणी मिसळले की दोन पदार्थ तयार होतात. एक चिकट, जेलीसारखा. वाळू आणि खडी धरून ठेवण्याचे काम तो करतो. दुसरा चुना. या चुन्याने ताकद फारशी वाढत नाही, उलट पाण्याबरोबर तो झिरपून बाहेर येतो. जुन्या स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसतात ते यामुळेच. राखेचे कण काचेसारखे असतात आणि त्यांत सिलिका भरपूर असते. ही सिलिका त्या मोकळ्या चुन्याला गाठते आणि त्यापासून पुन्हा तोच चिकट पदार्थ तयार करते. म्हणजे राख नुसती जागा अडवीत नाही, ती चुन्याशी संयोग पावते. दुधातले पाणी दूध होत नाही. सिमेंटातली राख मात्र कालांतराने बंधक होते. ‘भेसळ’ हा शब्द येथे लागू पडत नाही, तो या कारणाने.

‘कालांतराने’ हा शब्द मात्र अधोरेखित करून ठेवा. ही क्रिया संथ असते. पहिल्या काही दिवसांत राखेच्या सिमेंटची ताकद कमी भरते, पुढे ती साध्या सिमेंटची बरोबरी करते आणि पुष्कळदा त्याला मागे टाकते. तोपर्यंत ओल टिकली पाहिजे. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर राख किंवा धातुमळी असलेल्या काँक्रीटवर किमान १० दिवस पाणी मारावे लागते. कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवस. चौथ्या दिवशी पाणी मारणे थांबवायचे आणि स्लॅबला तडे गेले की दोष राखेला द्यायचा, हा प्रकार सर्रास चालतो. माझ्या मते गवंड्याच्या तक्रारीचे मूळ बव्हंशी येथे आहे. त्याचा अनुभव खोटा नाही, त्याने लावलेले कारण चुकीचे आहे.

खरी भेसळही असते, हे विसरू नये. मानकानुसार राखेच्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटात राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते, राख बारीक व तपासलेली असते आणि पोत्यावर तसे छापलेले असते. बंधाऱ्यातली ओली, जाडीभरडी, न जळलेला कोळसा मिसळलेली राख कोणी न सांगता पोत्यात भरली, तर तिला भेसळच म्हणावे लागेल. पदार्थ दोन्हीकडे राखच. फरक मापाचा, परीक्षेचा आणि सांगण्याचा.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गंमत आढळेल. ‘सिमेंट’ शब्दाचे मूळ लॅटिन ‘केमेंटुम’. त्याचा अर्थ दगड फोडताना उडालेल्या कपच्या, ढलप्या. पुढे चुन्यात घालायच्या ज्वालामुखीच्या राखेला आणि विटेच्या भुकटीला हे नाव पडले. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावची अशी राख रोमन लोक वापरीत, त्यावरून ‘पोझोलाना’ हा शब्द आला. म्हणजे आज आपण जिला सिमेंटातली उपरी समजतो, ती राख एकेकाळी त्या नावाचीच धनी होती. आपल्याकडेही चुन्याच्या घाणीत विटेची भुकटी घालीत. तिला ‘सुर्खी’ म्हणत. ‘सुर्ख’ म्हणजे फारसीत लाल. जुने वाडे आणि पूल उभारणाऱ्या कारागिरांना रसायन ठाऊक नव्हते, पण क्रिया हीच होती. महाराष्ट्रातच अकोले तालुक्यातील घाटघर येथे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे धरण झाले, त्यातही राखेचा मोठा वाटा आहे.

लोखंडाच्या झोतभट्टीतील धातुमळीची गोष्ट थोडी निराळी. (‘मळी’ म्हटले की ऊसपट्ट्यातील विद्यार्थ्याला साखर कारखाना आठवेल, म्हणून ‘धातु’ हे पूर्वपद गाळू नये.) वितळलेली मळी सावकाश निवली तर तिचा निव्वळ दगड होतो. पाण्याच्या झोताने एकदम थंड केली तर काचेसारखे दाणे होतात आणि ते दळून सिमेंटात ७० टक्क्यांपर्यंत घालता येतात. एकच द्रव्य टाकाऊ ठरेल की उपयोगी, हे क्षणभराच्या हाताळणीवर ठरते. राखेच्या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. दाबून, पाणी मारून त्या घट्ट होतात. फरश्या व कौलांत मात्र काम अग्नी करतो आणि तेथे राखेत उरलेला कोळसा नडतो : विटेचा गाभा काळा पडतो.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आपला आवडता शब्दप्रयोग. दोन्ही शब्दांत ‘आऊ’ हाच प्रत्यय आहे, पण ‘टाकाऊ’ म्हणजे टाकण्याजोगे आणि ‘टिकाऊ’ म्हणजे टिकणारे. एकात वस्तूवर क्रिया घडते, दुसऱ्यात वस्तू स्वतः क्रिया करते. ‘विकाऊ’ आणि ‘शिकाऊ’ असेच ताडून पाहा. आणखी एक भेद : ‘टिकाऊ’ म्हणजे ‘शाश्वत’ नव्हे. राखेचे काँक्रीट टिकाऊ असते, पण राखेचा पुरवठा कोळसा जळत राहण्यावर अवलंबून आहे. ब्रिटनमधील शेवटचे कोळशावरील वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. तेथे ताजी राख आता मिळत नाही. आपल्याकडे १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून राख वापरण्याची सक्ती वाढत गेली आहे, तरी बंधारे आहेतच. ‘शाश्वत सिमेंट’ असे लिहिताना लेखकाने क्षणभर थांबावे ते यासाठी.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील गवंडी, वीटभट्टीचालक व सिमेंट विक्रेता यांच्याशी बोलून राख, चुना, माल कालवणे व पाणी मारणे यांसंबंधीचे किमान पंधरा शब्द त्यांच्याच उच्चारात टिपा. त्यांपैकी ज्यांना पाठ्यपुस्तकी प्रतिशब्द आहेत ते समोर लिहा आणि तुमच्या लेखात तुम्ही कोणता वापराल, ते कारणासह सांगा.