आहारतज्ज्ञ व्हायचे, तर अकरावीलाच ठरवा

रक्तात साखर निघाली की दवाखान्यातून गोळ्यांबरोबर एक छापील कागद मिळतो. सकाळी ओट्स, अकरा वाजता सफरचंद, दुपारी दोन फुलके, संध्याकाळी पनीर आणि बदाम. आपल्या वस्तीतली धुणीभांडी करणारी आजी तो कागद घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते आणि घरी येऊन भाकर थापते. चूक तिची नाही. भाकर किती खायची, सोबत अंबाडीची भाजी घ्यायची की वरण, भात कधी कमी करायचा, सुई किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी कामावर का जायचे नाही, हे तिला तिच्या घरातले जेवण विचारून कोणी सांगितलेच नाही.

ते सांगण्याचे शिक्षण असते आणि त्यावर नोकरीही मिळते. मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले, ते २०१५ साली आले. ते जेवण ज्यांनी खाल्ले आहे, अशी मुले-मुली आहारतज्ज्ञाच्या खुर्चीवर बसली, तर तो कागद वेगळा लिहिला जाईल.

पण घरात हा विषय काढला की उत्तर ठरलेले: ‘गृहविज्ञान? म्हणजे स्वयंपाकच ना?’ नाही. यात रसायनशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे, मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला किती प्रथिने द्यायची याचा हिशेब आहे. कमला सोहोनी यांनी याच शास्त्रात नाव काढले. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. पुढे केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या आणि कडधान्ये, दूध, नीरा यांतल्या पोषणावर त्यांनी काम केले.

आता मुद्द्याचे. बी.एस्सी.ला पोषण किंवा आहारशास्त्र घ्यायचे तर बहुतेक ठिकाणी बारावी विज्ञान लागते. म्हणून निर्णय अकरावीच्या प्रवेशावेळीच घ्यावा लागतो. नुसत्या पदवीवर मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून जागा मिळणे कठीण. त्यासाठी एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि जमल्यास इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘आर.डी.’ परीक्षा, असा रस्ता आहे. म्हणजे बारावीनंतर पाच-सहा वर्षे. तीन महिन्यांत ‘न्यूट्रिशनिस्ट’ करून देतो म्हणणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. त्या प्रमाणपत्रावर रुग्णालय उभे करत नाही. सहबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राने २०२१ साली कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञही आहेत. नोंदणी आणि ठरावीक अभ्यासक्रम यांचे महत्त्व यापुढे वाढत जाणार. तेव्हा अशा जाहिरातीला पैसे भरण्याआधी दहादा विचार करा.

रुग्णालयाबाहेरही दारे आहेत. अतिकुपोषित आजारी बालकांना आईसह ठेवून घेणारी पोषण पुनर्वसन केंद्रे सरकारी रुग्णालयांत असतात, तिथे आहारतज्ज्ञ लागतो. या जागा बहुतेक कंत्राटी. पगार बेताचा आणि नूतनीकरणाची टांगती तलवार, हे आधीच माहीत असलेले बरे. त्यापेक्षा पक्की नोकरी हवी असेल तर जिल्हा परिषदेतील अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या भरतीवर लक्ष ठेवा. त्या पदासाठी गृहविज्ञान, बालविकास, पोषण या विषयांची पदवी चालते. त्यावरचे बालविकास प्रकल्प अधिकारी हे पद लोकसेवा आयोगामार्फत भरतात. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या मोठ्या कारखान्यांत कॅन्टीन असतेच, ते चालवणाऱ्या कंत्राटदारांकडेही काम मिळू शकते. शिकवायचे असेल तर गृहविज्ञानात नेट परीक्षा देता येते. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेबाबत मात्र सावध राहा. तिथे कोणत्या पदव्या चालतात याची यादीच असते. जुनी जाहिरात काढून आपली पदवी तीत बसते का ते प्रवेशाआधी पाहा. स्वतःचा दवाखाना टाकणे हे शेवटचे. अनुभव आणि ओळख नसताना पहिल्याच वर्षी भाड्याचा गाळा घेऊ नये.

पैशांचे काय? अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. कॉलेज निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘हा कोर्स तुमच्या नावाखाली महाडीबीटीवर दिसतो का?’ गुळमुळीत उत्तर आले तर पावती फाडू नका. खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शहरातल्याच रहिवाशांना ती मिळत नाही, पण गावाकडच्या भाचीला सांगा.

ज्या ताई आधीच अंगणवाडीत काम करतात, त्यांना कॉलेज सोडून बरीच वर्षे झालेली असतात. इग्नूचा अन्न व पोषणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरी बसून करता येतो. त्याने आहारतज्ज्ञ होता येत नाही, पण पोरीला अकरावीत कोणते विषय घ्यायला लावायचे हे कळायला तेवढे पुरते.