फिश टँकचा लाईट: जास्त वॉट विकले आणि गिऱ्हाईक गमावलं

ॲक्वेरियमच्या दुकानात सगळ्यात सोपी विक्री लाईटची. काउंटरवर लावून दाखवला की गिऱ्हाईक भुलतं. मीही सुरुवातीला तेच केलं.

कळंबकडचे एक गुरुजी नातवासाठी दोन फुटी टाकी घ्यायला धाराशिवला आले. मासे गप्पी, झाडं प्लास्टिकची. मी त्यांना २४ वॉटचा भारी एलईडी दिला. मार्जिन चांगलं होतं. लाईट किती तास ठेवायचा, हे मात्र सांगितलं नाही. घरी तो सकाळपासून रात्रीपर्यंत, रोज १४ तास चालू. तीन आठवड्यांत काच हिरवीगार! दोन महिन्यांनी बाजारात भेटले, तर म्हणाले, "टाकी माळ्यावर ठेवली बाबा. आपल्याला नाही जमत हे."

दोष त्यांनी स्वतःला दिला, पण चूक माझी होती. लाईटवर एकदा कमावलं, पण खाद्य, फिल्टरचा स्पंज आणि नवे मासे यांचं कायमचं गिऱ्हाईक गेलं.

बिल करण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

१. झाडं खरी आहेत का? माशांना दिवस-रात्र कळण्यापुरता उजेड पुरतो. जास्त प्रकाश लागतो तो झाडांना. झाडं प्लास्टिकची असतील तर तो जास्तीचा प्रकाश शेवाळ वापरतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य हे त्याचं खत.

२. टाकी किती लिटरची? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत वाळू वगैरे धरून साधारण ५० लिटर पाणी बसतं. जावा फर्न, अनुबियास अशा सोप्या झाडांना लिटरमागे १५ ते २० लुमेन हा चालू हिशेब आहे. म्हणजे ७५० ते १००० लुमेन. चांगला एलईडी वॉटमागे ८० ते १०० लुमेन देतो, त्यामुळे १० वॉटच्या आसपासचा लाईट बास. खोक्यावर वॉटबरोबर लुमेनही बघा. रंगासाठी ६५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, निवडा. निळा-लाल लाईट माशांचे रंग खुलवतो, पण फक्त निळ्यावर घरची टाकी चालवू नका.

३. लाईट बंद कोण करणार? "आम्ही करू" असं सगळे म्हणतात आणि विसरतात. म्हणून टायमर द्याच. नव्या टाकीला ६ तास, पुढे फार तर ८. आपल्याकडे लाईट जाते-येते. साधा फिरता टायमर वीज गेली की थांबतो आणि त्याची वेळ मागे पडते. त्यामुळे बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर बरा. आणि टाकी खिडकीच्या उन्हात नको. ऊन टायमरचं ऐकत नाही!

विजेचा हिशेब गिऱ्हाईकासमोर मांडा

२४ वॉट रोज १४ तास म्हणजे ३० दिवसांत जवळपास १० युनिट. १० वॉट रोज ८ तास म्हणजे २.४ युनिट. हा हिशेब कागदावर लिहून द्या. स्वस्तातली वस्तू सुचवणाऱ्या दुकानदारावर विश्वास बसतो.

सुरक्षेत तडजोड नको

लाईट पाण्यात बुडणारा असेल तर खोक्यावर आयपी ६८ लिहिलंय का ते बघा. वरून लावायच्या लाईटखाली काचेचं झाकण ठेवा. वायर प्लगच्या खालून वळसा देऊन वर न्यायला सांगा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळतं. टाकीत हात घालण्याआधी मेन स्विच बंद.

आता माझ्या काउंटरवर हे तीन प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून चिकटवलेत. गुरुजींकडे जाऊन मी १० वॉटचा लाईट आणि टायमर बसवून दिला, जुना लाईट परत घेतला. त्या दिवशी खिशातून पैसे गेले. पण आता दर महिन्याला खाद्य न्यायला नातू स्वतः येतो.

तुमचा धंदा कुठलाही असो, आज एक काम करा. तुमच्या सगळ्यात महागड्या वस्तूसाठी असे तीन प्रश्न लिहून काढा. उत्तरं "नको" म्हणत असतील, तर ती वस्तू त्या गिऱ्हाईकाला विकू नका.