चाला म्हणणे सोपे, पण कुठे?

मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, गुडघेदुखी, अपुरी झोप. तक्रार कोणतीही असो, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ हमखास असते : ‘रोज अर्धा तास चालणे’. या औषधाला पैसे पडत नाहीत आणि सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर त्याचा साठाही कधी संपत नाही. तरीही पुढच्या तपासणीला बहुतेकांनी ते घेतलेले नसते. आपण याला रुग्णाचा आळस म्हणून मोकळे होतो. पण ओपीडीत थोडे खोदून विचारले, की वेगळाच प्रश्न समोर येतो : ‘डॉक्टर, चालू कुठे?’

१९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसमधले चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे देत सतत जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. हे वाहक काही व्यायामप्रेमी नव्हते. त्यांच्या कामाच्या जागेची रचनाच अशी होती, की हालचाल आपोआप घडायची. शहराचेही तसेच आहे. भाजी, शाळा, बसथांबा, बँक इथे पायी जाणे सोयीचे असेल, तर माणसे वेगळे ठरवल्याशिवाय चालतात. तसे नसेल, तर अर्ध्या किलोमीटरसाठीही दुचाकी बाहेर निघते.

प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आहे. एवढ्या लोकांना ‘चाला’ सांगायचे, तर त्यांच्या पायांखाली काय आहे हेही पाहायला हवे.

जुन्या मधुमेहात अनेकांच्या तळपायांची संवेदना कमी होते. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला ठेच लागली तरी त्यांना कळत नाही. जखम चिघळली, की प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाऊ शकते. गुडघ्यांची झीज झालेल्या बाईंना सपाट रस्त्यावर चालता येते, पण दर सोसायटीच्या फाटकापाशी तुटणारा आणि पुढे फूटभर उंच चढणारा पदपथ त्यांना जमत नाही. मग त्या खाली उतरून वाहनांच्या कडेने चालतात. एकदा पडलेल्या वृद्धांना तर पुन्हा पडण्याचीच धास्ती बसते. घराबाहेर पडणे थांबते, पायांचे स्नायू आणखी अशक्त होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

रस्ता ओलांडण्याचे गणितही पाहा. सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. त्या वेगाने २४ मीटर रुंद रस्ता २० सेकंदांत पार होतो. पण अशक्त वृद्ध माणसाचा वेग ०.८ मीटरही असू शकतो. त्याला ३० सेकंद लागतात. म्हणजे वाहने सुटतात तेव्हा तो अजून आठ मीटर अलीकडे, रस्त्यातच असतो.

याची किंमत मोठी आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दिवसाला सरासरी ९०. वाहनाचा वेग दुप्पट झाला, की धडकेतली ऊर्जा चौपट होते. त्यामुळे वस्तीतल्या रस्त्यावर वेग आवरणे हा वाहतुकीइतकाच आरोग्याचाही विषय आहे.

उपाय अज्ञात नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. एवढ्या रुंदीत दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतात. फाटकापाशी पदपथ तोडण्याऐवजी तो सलग ठेवून गाडीला चढण-उतार द्यावा. रुंद रस्त्याच्या मध्ये थांबायला सुरक्षित जागा असावी. फेरीवाल्यांना हुसकावण्यापेक्षा चालण्याची पट्टी सोडून त्यांची जागा आखून द्यावी. त्यांच्यामुळेच संध्याकाळी रस्ता जागता राहतो आणि बायकांना तिथून जाताना सोबत वाटते.

पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले. त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आणि बसायला बाक आले. तिथे आजी-आजोबा टेकलेले दिसतात, कारण दर थोड्या अंतरावर दम घ्यायला जागा आहे. हृदयरुग्णासाठी असा बाक फार मोलाचा. पण हे चित्र एका रस्त्यापुरते राहून चालणार नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चालण्यायोग्य पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे.

रस्ते सुधारेपर्यंत थांबू नका. सलग अर्धा तास जमत नसेल, तर दिवसभरात थोडे थोडे चाला, तेही मोजले जाते. मधुमेहींनी चपलेऐवजी पुढून बंद, मऊ बूट घालावेत आणि रात्री आरशात तळपाय पाहावेत. पहाटे अंधारात चालताना फिकट कपडे घालावेत.

आणि एक काम सर्वांसाठी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत घेऊन जवळच्या चौकात जा आणि रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात ते मोजा. पदपथ कुठे तुटतो, कुठे चढतो, त्याचे फोटो काढा. हा कागद प्रभाग कार्यालयात द्या, पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा विचारा. ‘पदपथ खराब आहे’ या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे सोपे असते. ‘या चौकात सिग्नल २० सेकंदांचा आहे, माझ्या आईला ३० लागतात’ या वाक्याला मात्र उत्तर द्यावे लागते.