चुकतंय कोण, आजी की प्रश्न?

'शंभरातून सात वजा करा. आता उरले त्यातून पुन्हा सात...' समोर बसलेल्या सत्तरीच्या आजी गप्प. घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर पेन्सिल धरण्यापासूनच अडचण. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिलेले नाही. सोबत आलेल्या मुलाचा चेहरा उतरतो. मग प्रश्न बदलतो : 'आजी, शंभराची नोट दिली, भाजी पस्तीस रुपयांची झाली. परत किती घ्याल?' 'पासष्ट,' उत्तर लगेच येते.

कोणत्याही रुग्णालयात दिसू शकेल असे हे चित्र. बिघाड मेंदूत आहे की प्रश्नात, हे ओळखणे हेच क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्टचे काम. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. पण माणसाला नवीन गोष्ट लक्षात राहते का, स्वतःचे पैसे त्याला सांभाळता येतात का, हे चाचण्या आणि निरीक्षणातूनच कळते. पक्षाघात, डोक्याला मार, स्मृतिभ्रंश अशा वेळी ही तपासणी होते. फिट्सवरच्या शस्त्रक्रियेपूर्वीही स्मरणशक्ती आणि भाषा तपासली जाते.

शिक्षण कसे?

अमेरिकेत १९९७च्या ह्यूस्टन परिषदेने यासाठी चौकट आखली : डॉक्टरेट आणि त्यानंतर दोन वर्षांचे खास प्रशिक्षण. आपल्याकडे मानसशास्त्रात एम.ए. वा एम.एस्सी. केल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा दोन वर्षांचा एम.फिल. हा रूढ मार्ग राहिला आहे. न्यूरोसायकॉलॉजी हा त्यातला एक भाग. बंगळूरुच्या 'निम्हान्स'ने भारतीय रुग्णांसाठी चाचण्यांचा स्वतंत्र संचही तयार केला आहे.

चाचणी घेणे लवकर शिकता येते. कठीण असते ते उत्तराचा अर्थ लावणे. रुग्ण थकला आहे का, ऐकू कमी येते का, तो उदास आहे का, शाळा किती झाली, घरात कोणती भाषा बोलतात, हे सगळे गुणांशी जोडावे लागते. ही नजर पुस्तकातून येत नाही. अनुभवी मार्गदर्शकासोबत रुग्ण पाहूनच येते.

भाषेचा पेच

इंग्रजीत एफ, ए, एस या अक्षरांपासून सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायला लावतात. 'निम्हान्स'च्या संचात त्याऐवजी क, प, म येतात. हरियाणातील बल्लभगड भागातल्या ग्रामीण वृद्धांसाठी बनवलेल्या हिंदी चाचणीत सातची वजाबाकी काढून आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. प्रश्न बदलला, पण तपासायचे ते लक्षच. नुसते भाषांतर पुरत नाही ते यामुळेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशासाठी चाचणीसंच केला, तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये. त्या पाचांत मराठी नव्हती. मराठी रुग्णांना जोखणारे, मराठीत विचार करणारे तज्ज्ञ घडणे म्हणूनच गरजेचे आहे.

तपासणीला जाताना

चष्मा, श्रवणयंत्र आणि औषधांची यादी बरोबर घ्या. रोज सोबत राहणारी व्यक्ती असू द्या. शिक्षण आणि बोलीभाषा आधीच सांगा. तज्ज्ञांची पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच नको. थायरॉइडचा विकार, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसरायला होते आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून एका चाचणीतल्या कमी गुणांवरून घरच्यांनी आजीवर 'भ्रमिष्ट' असा शिक्का मारू नये.