पैसा आपला, पण किल्ली कुणाकडे?

गेल्या गणपतीत आरती आटोपली आणि प्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला हळूच बाजूला घेतलं. "तू कॉम्प्युटरमधला ना? मग सांग बघू, बिटकॉइन घेऊ का?" लग्नाच्या पंगतीत डॉक्टर दिसला की सगळ्यांचे गुडघे दुखायला लागतात, तशीच आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची गत. मी हसून विषय टाळणार होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "पेन्शनमधली पंचवीस टक्के करमुक्त रक्कम काढतोय. ओळखीतला माणूस आहे, महिन्याला दहा टक्के देतो म्हणतो."

माझ्या हातातली खिरापत हातातच राहिली. काका इल्फर्डमध्ये तीस वर्षं राहिलेले. पहाटेची गाडी पकडून, पै-पै जोडून इथवर आलेले. त्यांना रांगेत उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून हा लेखप्रपंच. मी अर्थतज्ज्ञ नव्हे, तेव्हा मतं माझी आणि पैसे तुमचे, हे आधीच सांगून ठेवतो.

बिटकॉइन म्हणजे काय? आपल्या वाण्याची उधारीची वही आठवा. कुणी कुणाला किती दिले याची ती नोंद. फरक एवढाच, की ही वही एका वाण्याकडे नसून जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या हुबेहूब प्रती आहेत. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी ऑक्टोबर २००८ मध्ये ही कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. साधारण दर दहा मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं. नाणी २ कोटी १० लाखांच्या वर निघायची नाहीत. वही चोख आहे. इंजिनियर म्हणून मला तिचं कौतुकच वाटतं. घोटाळा होतो तो वहीत नाही, वहीच्या आसपासच्या माणसांत.

महिन्याला दहा टक्के हा आकडा पुणेकरांच्या चांगलाच ओळखीचा. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत अठरा महिने दरमहा दहा टक्के देऊ, असंच आश्वासन होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रमुख आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. पुढे तर कहरच झाला. तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, आरोपींची नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली. कुंपणानेच शेत खाल्लं, अशी ती तक्रार!

मग आपली बँकच बरी का? तिथेही डोळे मिटून बसता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मुंबईत कितीतरी घरांत त्या वर्षी दिवाळी झाली नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे दाद मागायला दार होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये भारतातल्या ठेवींवरचं विमासंरक्षण १ लाखावरून ५ लाख रुपये झालं. इथे ब्रिटनमध्ये, बँक बुडाली तर १ डिसेंबर २०२५ पासून माणशी, बँकेमागे १,२०,००० पौंडांपर्यंतची ठेव सुरक्षित आहे. बिटकॉइनचा भाव पडला तर असं कुणीही येत नाही. इथल्या नियामक संस्थेने, म्हणजे एफसीएने, जानेवारी २०२१ मध्येच बजावलं होतं, की यात पैसे घालणाऱ्यांनी सगळेच्या सगळे गमवायची तयारी ठेवावी.

आणि किल्ली हरवली तर? वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरू द्या म्हणून ते कोर्टात गेले. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला. नाणी वहीत आजही दिसतात, पण हात लावता येत नाही.

आता गुप्ततेविषयी. "बिटकॉइन कुणाला कळत नाही म्हणे," असं काका डोळे मिचकावून म्हणाले होते. नेमकं उलटं आहे! रोख नोट कुणाच्या हातून कुणाकडे गेली हे कुणी लिहून ठेवत नाही. बँकेतला व्यवहार बँकेला दिसतो. बिटकॉइनची वही तर सगळ्या जगाला उघडी. फक्त नावाच्या जागी लांबलचक आकडे-अक्षरं असतात. तुम्ही पासपोर्ट दाखवून एखाद्या एक्स्चेंजवर खातं उघडलंत, की ती अक्षरं आणि तुमचं नाव जोडता येतं, आणि मागचे सगळे व्यवहारही उलगडतात. १ जानेवारी २०२६ पासून इथल्या एक्स्चेंजना ग्राहकांची माहिती गोळा करणं बंधनकारक झालं आहे. ती कर खात्याकडे जाणार. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे लागू नाही.

आता स्वतःचं सांगतो. २०१७ मध्ये मीही हौसेने थोडे बिटकॉइन घेतले होते. किल्ली म्हणून मिळालेले बारा इंग्रजी शब्द पाठ केले, कुठे लिहिले नाहीत, आणि त्या हुशारीवर खूश होतो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री अपेंडिक्सने पोट धरलं. ऑपरेशनला नेताना बायको माझा हात धरून चालत होती, आणि मला एकदम आठवलं, की ते शब्द तिला माहीत नाहीत. माझ्या आईच्या पाटल्या कुठल्या डब्यात आहेत आणि कुणाला जायच्या आहेत, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. माझी कमाई मात्र माझ्याबरोबरच जाणार होती. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे शब्द कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, तिच्या हाती दिले. फोनवर त्यांचा फोटो काढायचा नाही, आणि कुणीही विचारले तरी सांगायचे नाहीत, एवढं बजावलं.

तर काकांना माझं उत्तर असं. हौस असेल तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच घाला. पेन्शनला हात लावू नका. ठरावीक परतावा कबूल करणारा भेटला की नमस्कार करून निघा.

हे सगळं मी त्यांना परवा स्टेशनबाहेर भेटल्यावर सांगितलंही. ते गप्प झाले. मी विचारलं, "काकूंना काय वाटतं?"

काका म्हणाले, "तिला अजून सांगितलं नाही."

वाचकहो, सरकारने आपल्या खिशात किती डोकवावं यावर वाद जरूर घाला. पण जो व्यवहार घरी सांगायची चोरी, तो करूच नये. काकांनी त्या संध्याकाळी काकूंना सांगितलं. ती रक्कम अजून पेन्शनमध्येच आहे.